माझ्या तळाची तीन भोकं

मी होडी बोलतेय. हो, तीच ती, जिच्यात टोमॅटो लावले होते. हसा हवं तर, मला सवय आहे. पण जे जे हसले त्यांची तोंडं मी लक्षात ठेवली आहेत. माझी आठवण सागवानी आहे, सहजासहजी कुजत नाही.

माझा जन्म खाडीकाठच्या एका सुताराच्या छपराखाली झाला. माझ्या फळ्या ज्या झाडाच्या, ते इतकं उंच होतं म्हणे, की शेंड्यावरून निघालेला कावळा खाली उतरेपर्यंत म्हातारा व्हायचा. हे सुतार सांगायचा, म्हणून मीही सांगते. फळ्यांच्या फटींत तेलात भिजवलेला कापूस ठोकून त्याने मला अशी घट्ट केली, की आत शिरायची पाण्याच्या थेंबाचीही छाती नव्हती.

मला करून घेतलं ताईने. तिच्या भावाचा, म्हणजे दादाचा, खाडीला लागून गाद्यांचा कारखाना. वर पत्रा, खाली कापसाचे ढीग आणि मागच्या दोन खोल्यांत घर. घरात दादा, वहिनी, ताई आणि वडील, आप्पा. आप्पांचे गुडघे कधीचेच संपावर गेलेले, म्हणून ते कायम खिडकीजवळच्या पलंगावर.

भरतीचं पाणी पूर्वी कारखान्याच्या खालच्या पायरीशी थांबायचं. अलीकडे ते वरची पायरी चाटून जायला लागलं होतं. ते ताईला दिसलं तसं दादालाही दिसलं. ताईने सुताराला होडी सांगितली. दादाने सगळ्यांना सांगितलं की पायऱ्या खचल्यात.

मी अंगणात उतरले त्याच दिवशी दोघांची जुंपली.

"पृथ्वी तापतेय, समुद्र फुगतोय, सगळं मान्य," दादा म्हणाला. "पण आपल्या दारात पाणी येणार हे कुणी सिद्ध केलंय? किती चढणार, कधी चढणार, त्या शास्त्रज्ञांचं तरी एकमत आहे का?"

"नाहीये. कुणी वीतभर म्हणतं, कुणी हातभर. उतरणार असं म्हणतंय का कुणी?"

"आधी नक्की ठरू दे. मग सावकाश घाबरू."

"दादा, मी चुकले तर अंगणात एक होडी पडून राहील. तू चुकलास तर आप्पांना कोण उचलून नेणार?"

"अरे, मला विचारा की कुणीतरी!" आप्पा आतून ओरडले. कुणी विचारलं नाही.

मग ताई कामासाठी काही महिने परगावी गेली आणि माझे दिवस फिरले. दादाने माझ्यात माती भरली. वहिनी म्हणाली, "अहो, ताईंना काय वाटेल?" तो म्हणाला, "टोमॅटो आवडतात तिला."

इथवर मी सोसलं असतं. पण एका सकाळी तो गिरमिट घेऊन आला आणि माझ्या तळाला घर्र घर्र करत तीन भोकं पाडली. का, तर पाणी साचून रोपांची मुळं कुजतील! समुद्रासाठी पुरावे मागणारा हा गृहस्थ. टोमॅटोची मुळं कुजतीलच, याचा पुरावा मात्र त्याने कुणाकडे मागितला नाही.

वर गिऱ्हाइकांना मला दाखवून म्हणायचा, "ही आमच्या ताईची भीती. फळं चांगली देते." समोरच्या गच्चीवरचा शिंपी तर पोट धरून हसायचा. मी तेव्हाच मनाशी गाठ बांधली. हा माणूस एक दिवस माझ्यात बसेल. त्या दिवशी मी असेन, हा असेल आणि ही भोकं असतील.

तो दिवस उगवला. ताई नुकतीच परतली होती. दुपारी मोठी भरती आणि समुद्राकडून सुटलेला वारा, दोन्ही एकदम आले. पाण्याने पायऱ्या गिळल्या, उंबरा गिळला. कारखान्यातल्या गाद्या पाणी पिऊन म्हशीएवढ्या फुगल्या आणि एक तर दारातच अडकून बसली. आप्पांना खिडकीतून काढायचं ठरलं. ताई आणि दादाने मला आडवी करून आतली माती ओतून टाकली. टोमॅटो वाहून गेले. मी त्यांना निरोपसुद्धा दिला नाही.

"ताई," दादा हळूच म्हणाला, "जरा अडचण आहे."

"आता काय?"

"निचरा."

ताईने तळ पाहिला, मग भावाचं तोंड पाहिलं. दादाने आपली सगळ्यात उंची गादी टराटरा फाडून दोन भोकांत कापूस कोंबला. तिसऱ्यातला काही केल्या टिकेना.

"बसा त्यावर," वहिनी म्हणाली. "नाहीतरी एवढे दिवस बसूनच होतात."

तो बसला. खरं सांगते, मला त्याला बुडवायचंच होतं. पण पुढच्या टोकाला आप्पा पाय पसरून पडले होते, आणि माझं भांडण त्यांच्याशी नव्हतं. म्हणून मी थोडक्यात भागवलं. दादा जरा हलला, की खालून असा गार फवारा सोडायचे, की हा गृहस्थ बसल्या जागी वीतभर उडायचा आणि धपकन पुन्हा भोकावर यायचा. ताई वल्हवत होती. गच्च्या माणसांनी भरल्या होत्या.

"दादा!" शिंपी वरून ओरडला. "उठून हात तरी हलवा की!"

"उठला तर आपण सगळेच हात हलवू," आप्पा म्हणाले.

पाणी ओसरून आता बरेच दिवस झाले. मी अंगणात दोन ठोकळ्यांवर पालथी आहे. दादा अजून म्हणतो, "एका पुराने काही सिद्ध होत नाही."

"नाही होत," ताई म्हणते. "पण बुचं मारायला कुठे काय सिद्ध व्हावं लागतं?"

काल तो स्वतः चिखलात गुडघे टेकून लाकडाची बुचं तासत बसला होता. तीनही ठोकली, वर डांबर फासलं, आणि मला हळूच थोपटलं.

तुमच्या अंगणात माझी एखादी बहीण पडून असेल, तर तिला हसा, तिच्यात वाल लावा, भोपळा लावा. गिरमिट तेवढं लांब ठेवा. आम्ही लाकडं सहसा बोलत नाही, पण विसरतही नाही.

त्याची दोन बुचं मी घट्ट धरली आहेत. तिसरं जरा सैल ठेवलंय. पुन्हा निघायची वेळ आली तर कुणी कुठे बसायचं ते ताईने ठरवून टाकलंय, आणि दादाची जागा तीच आहे.