कारण : पेटी भरलेली आहे

सकाळी अकरा वाजून सोळा मिनिटांनी ज्योत्सना दिघोरेच्या फोनवर पावती आली, तेव्हा ती आधी खूश झाली. पावती होतीच तशी रुबाबदार. वर निळी पट्टी, खाली गोल शिक्का आणि मधोमध तिच्या अर्जाचा सगळा प्रवास मिनिटा-सेकंदासह. शेवटची ओळ मात्र तिनं दोनदा वाचली आणि तलावाच्या पाळीवरच्या दगडावर हळूच खाली बसली.

'प्राप्तकर्त्याच्या संगणकाने संदेश नाकारला. कारण : पेटी भरलेली आहे.'

ज्योत्सना ही गोसीखुर्द धरणाच्या पाण्यात गाव गेलेल्या ढिवरांच्या मच्छीमार संस्थेची सचिव. गाव गेलं, नवं गावठाण मिळालं आणि गावठाणाला लागून एक तलाव मिळाला. मिळाला म्हणजे दर वर्षी मत्स्य खात्याच्या ऑफिसकडे मागावा लागे. मागायची शेवटची तारीख एकतीस, वेळ संध्याकाळी पाचच्या आत, आणि गेल्या वर्षीपासून मागायचा तो फक्त ई-मेलनं. हातात दिलेला कागद घेऊ नये, असं परिपत्रकच निघालं होतं. हे परिपत्रक कागदावर छापून ऑफिसच्या दारावर चिकटवलेलं होतं.

गेल्या वर्षी तिनं दोन दिवस आधीच मेल केला होता. ऑफिसनं लेखी कळवलं : 'अर्ज प्राप्त नाही.' तलाव एका बाहेरच्या ठेकेदाराला गेला, आणि संस्थेची त्रेसष्ट माणसं वर्षभर आपल्याच तलावाच्या पाळीवर उभी राहून दुसऱ्याची जाळी पाहत राहिली. तिनं नागपूरला वरच्या ऑफिसात अपील केलं. तिथून विचारणा झाली, मेल पोचल्याचा पुरावा काय? पुरावा नव्हता. अपील तसंच पडून होतं. आणि नियमात पुढे लिहिलं होतं की सलग दोन वर्षं अर्ज आला नाही, तर संस्थेचा पहिला हक्क कायमचा संपतो.

आज एकतीस तारीख होती.

म्हणून तर या वर्षी तिनं मधला माणूस धरला होता. 'तटस्थ टपाल' नावाची कंपनी. आपला मेल आधी त्यांच्याकडे जातो, ते त्यावर वेळेचा शिक्का मारतात, मग पुढे ऑफिसला पाठवतात आणि ऑफिसचा कॉम्प्युटर जे उत्तर देईल ते जसंच्या तसं लिहून पावती देतात. ना आपल्या बाजूचे, ना त्यांच्या. संस्थेचे अध्यक्ष सोमाजी, तिचे सासरे, सत्तरीचे. त्यांना हे समजावताना तिची दुपार गेली होती.

"लग्नात राहते तसा मध्यस्थ काय गा हा?" त्यांनी विचारलं होतं.

"हाव मामाजी. फक्त हा जेवायले येत नाही."

"मंग भरवशाचा असंल."

आता तेच सोमाजी, तिनं शेवटची ओळ वाचून दाखवल्यावर, फोनच्या पडद्याकडे पाहत होते. "आपण ठेवलेला माणूस आपल्याच विरोधात साक्ष देऊन राहिला काय?"

"खरं बोलायलेच ठेवला होता ना."

"ते ठीक हाये. पण पहिल्याच दिवशी?"

ज्योत्सना उठली. "चला मामाजी. पेटी रिकामी करून आणू."

*

काळीपिवळी, मग एसटी, मग उन्हात पायी. अडीच वाजता ते ऑफिसात पोचले. आवक-जावक पाहणारे कारकून धनराज बाबू जेवायला गेले होते आणि तीनला येणार होते. तीन वाजून बारा मिनिटांनी ते आले. सव्वीस वर्षांच्या नोकरीत त्यांनी एकही कागद हरवला नव्हता आणि एकही शोधून दिला नव्हता. निवृत्तीला नऊ महिने राहिले होते, आणि हे नऊ महिने अंगावर काहीही न घेता काढायचे, एवढाच त्यांचा कार्यक्रम होता.

"पेटी भरली?" ते म्हणाले. "कोणती पेटी?"

ज्योत्सनानं फोन पुढे केला. त्यांनी चष्मा लावून वाचलं. "हे कोण टपाल? सरकारी हाये काय?"

"नाही. मधले हायेत. पण तुमच्या कॉम्प्युटरनं काय सांगतलं, तेच लिहितात."

"आमच्या कॉम्प्युटरनं आमाले न विचारता सांगतलं?" बाबूंना हे शिस्तीत बसणारं वाटलं नाही. त्यांनी ई-मेल उघडला. न वाचलेले संदेश चार हजार तीनशे बारा होते. वरच्या कोपऱ्यात लाल अक्षरांत तीच ओळ उभी होती. ती कधीपासून तिथं होती, हे कोणी विचारलं नाही आणि कोणी सांगितलं नाही.

"बाबू, थोडे काढून टाका," ज्योत्सना म्हणाली. "आमच्या अर्जापुरती जागा करा."

"असं कसं काढता येते, बाई? आवक क्रमांक नाही पडला त्याले. आवक नाही तं जावक कशी होईन?"

"जाहिरातीचे काढा."

"जाहिरात हाये, हे कोण ठरवंन? साहेबांची मंजुरी लागते."

"साहेब कुठं हायेत?"

"दौऱ्यावर."

"फोन लावा."

धनराज बाबूंनी फोन लावला, हे त्यांच्या बाजूनं नोंदवायला हवं. साहेबांनी ऐकून घेतलं आणि सांगितलं की तोंडी मंजुरी देता येत नाही, लेखी देतो. अर्ध्या तासात ई-मेल करतो.

बाबूंनी फोन ठेवला. सोमाजींनी बाबूंकडे पाहिलं, मग कॉम्प्युटरकडे, मग परत बाबूंकडे. "बाबू, तो मेल येईन कुठं?"

बाबूंनी घड्याळाकडे पाहिलं. भिंतीवर चार वाजायला दहा मिनिटं कमी होती.

"तुमचा स्वतःचा काही असंल त्यात," ज्योत्सना म्हणाली. तिचा आवाज अजून सरळ होता, पण ओढणीचं टोक बोटाला इतकं घट्ट गुंडाळलं होतं की बोट पांढरं पडलं होतं. "ज्याचा त्यानं काढला तं साहेबाले काय विचारायचं? मोठे मोठे वर आणून पहा."

बाबूंनी नाइलाजानं वजनाप्रमाणे यादी लावली. सगळ्यात वर जो मेल आला तो ठळक अक्षरांत होता, म्हणजे कोणी उघडलेला नव्हता. पाठवणार : ज्योत्सना दिघोरे. विषय : तलाव ठेका नूतनीकरण अर्ज. तारीख गेल्या वर्षीची, एकोणतीस. वेळ सकाळी अकरा बेचाळीस.

त्रेसष्ट सभासदांची आधार कार्डं तिनं रंगीत स्कॅन करून जोडली होती. पेटीत सगळ्यात जड मेल तोच होता.

सोमाजींना वाचता येत नव्हतं. त्यांनी सुनेच्या चेहऱ्याकडे पाहिलं. 'अर्ज प्राप्त नाही' या पत्राचा मसुदा धनराज बाबूंनीच केला होता. एका ओळीत एवढं नेमकं लिहिलं म्हणून साहेबांनी त्यांना शाबासकीही दिली होती.

ज्योत्सनाचा हात फोनकडे गेला.

"फोटो नाही," बाबू पटकन म्हणाले. "इथं फोटो मना हाये. मले मेमो लागंल." आणि त्यांनी खुर्ची थोडी सरकवून पडदा अंगानं झाकला. पुन्हा बोलले तेव्हा आवाज मऊ झाला होता. "बाई, तुमीच म्हणलं ना, ज्याचा त्यानं. हा तुमचाच हाये. जुना झाला. तुमी लिहून द्या, हरकत नाही म्हणून. मी काढतो. जागा होते, तुमचा आजचा येते. सगळ्यायचंच काम होते."

ज्योत्सनाला कळत होतं की सगळ्यांमध्ये कोणाचं काम आधी होत होतं. हा मेल हा एकच पुरावा होता. तो राहिला, तर आजचा अर्ज जात नाही आणि तलाव कायमचा जातो. तो गेला, तर गेलं वर्ष कायमचं जातं. घड्याळात चार दहा झाले होते.

"काय म्हणते तो?" सोमाजींनी विचारलं.

"गेल्या वर्षीचा पोचला होता, मामाजी. आता आपल्यालेच मिटवायला सांगून राहिले."

सोमाजींनी तंबाखू मळली. "जाळं अडकलं का तोडा लागते," ते म्हणाले. "पण तोडणारी तूच. मी काय सांगू."

तिनं कागद मागितला.

धनराज बाबू मसुदा सांगायला लागले तसा त्यांच्या चेहऱ्यावर रंग आला. मसुदा हा त्यांचा प्रांत होता. "लिहा. मी, खाली सही करणार, दिनांक अमुक रोजी पाठवलेला अर्ज आपल्या कार्यालयाच्या पेटीतून काढून टाकण्यास…"

ज्योत्सनाचं पेन थांबलं. "बाबू, नुसतं 'पाठवलेला' लिहू काय?"

"मंग?"

"नाही, मले समजत नाही म्हणून विचारते. जो आलाच नाही, तो काढला कसा, असं उद्या कोणी तुमाले विचारंन."

बाबूंनी भुवई उंचावली. सव्वीस वर्षांत त्यांच्या मसुद्यात कोणी खोट काढली नव्हती, आणि आता काढली ती बरोबर होती. "हाव. 'पाठवलेला व आपल्या कार्यालयास प्राप्त झालेला' लिहा. वेळ पण टाका, वर हाये ती. अर्धवट नको."

तिनं लिहिलं. 'सकाळी ११.४२ वाजता प्राप्त झालेला.' कार्बन घालून दोन प्रती झाल्या. "मेल नाही ना हा, बाबू. हातानं चालंल ना?"

"हा अर्ज नाही, हे संमतीपत्र," बाबू म्हणाले. परिपत्रक त्यांना पाठ होतं.

"मंग पोच द्या."

यावर विचार करायला धनराज बाबूंनी एक क्षणही घेतला नाही, कारण या कामात विचार करायची त्यांना सवयच नव्हती. पोच द्या म्हटलं की त्यांचा हात आपसूक चालत असे. गोल शिक्का शाईत दाबला, दुसऱ्या प्रतीवर मारला, आवक क्रमांक घातला, खाली सही, तारीख, वेळ. ज्योत्सनानं कागद घेतला आणि घडी न घालता फाइलमध्ये ठेवला. शाई ओली होती.

बाबूंनी मेल काढला. चार एकोणतीस.

तिनं खिडकीत उभं राहून, जिथं नेटवर्क येत होतं तिथून, नवा अर्ज पाठवला. चार एक्केचाळीसला पावती आली : 'नाकारला. कारण : पेटी भरलेली आहे.'

"काढला ना मी," बाबू म्हणाले.

"कुठं गेला तो?"

तो कचऱ्याच्या पेटीत गेला होता, आणि कचऱ्याचं वजनही ऑफिसच्याच खात्यात धरलं जात होतं. "कचरा कायमचा काढायले वेगळी संमती लागंन," बाबू म्हणाले. यात त्यांचा आडमुठेपणा नव्हता. ते खरंच घाबरले होते.

"त्याच कागदावर 'कायमचा' घालते. दोन्ही प्रतींवर. तुमी बाजूले सही मारा."

तिनं घातला, त्यांनी मारली. तिच्या प्रतीवरची सही जरा जास्तच ठसठशीत आली. चार बावन्नला कचरा रिकामा झाला. चार त्रेपन्नला तिनं पुन्हा पाठवला. सोमाजी खिडकीशी येऊन उभे राहिले, जणू अर्ज त्याच वाटेनं बाहेर जाणार होता. फोनवरचं चक्र फिरत राहिलं. चार पंचावन्न. बाबू टेबलावरच्या फायली सारख्या करत होते, आधी सारख्या केलेल्याच. चार छप्पन्न.

चार सत्तावन्नला पावती आली. 'प्राप्तकर्त्याच्या संगणकाने संदेश स्वीकारला.'

"घेतला?" सोमाजींनी विचारलं.

"घेतला."

सोमाजी भिंतीला टेकून खाली बसले आणि तेवढ्यातच उठले, कारण बसलो तर उठता येणार नाही असं त्यांना वाटलं.

*

बाहेर कडुनिंबाखाली ज्योत्सनानं फाइल उघडली. 'प्राप्त झालेला' या शब्दांखाली ऑफिसचा शिक्का स्वच्छ उमटला होता. तिनं फोटो काढला, अपिलाचा क्रमांक लिहिला आणि तो तटस्थ टपालामार्फत नागपूरला पाठवला. त्या ऑफिसची पेटी भरलेली नव्हती. पाच वाजून नऊ मिनिटांनी पावती आली.

पाच अकराला धनराज बाबू जिन्यावरून उतरले. ते घाईत उतरत नसत, आज उतरले. "बाई," ते म्हणाले, "तो कागद जरा द्या. त्यात एक चूक राहिली."

"कोणती, बाबू?"

त्यांना सांगता येईना. मसुदा त्यांचाच होता आणि त्यात चूक नव्हती.

"पाठवला मी तो," ज्योत्सना म्हणाली. लपवावं असं तिला वाटलं नाही. "नागपूरले. पोचला."

"कोण म्हणते पोचला?"

तिनं फोन पुढे केला. त्यांनी चष्मा लावून निळ्या पट्टीपासून शेवटच्या ओळीपर्यंत सगळं वाचलं आणि फोन परत दिला. "माझे नऊ महिने राहिले होते," ते म्हणाले.

"आमचं एक वर्ष गेलं, बाबू. त्रेसष्ट घरांचं."

"मी काही मुद्दाम नाही केलं. पेटी उघडलीच नाही."

"तसं लिहून द्या नागपूरले. तेही खरंच हाये."

एसटी आली. धनराज बाबूंचं गाव त्याच रस्त्यावर होतं. गाडीत एकच जागा रिकामी होती. बाबू आधी चढले, जागेपाशी उभे राहिले आणि मागे वळून म्हणाले, "सोमाजी, तुमी बसा." सोमाजी बसले. ज्योत्सना आणि धनराज बाबू एकाच दांड्याला धरून उभे राहिले, गाडी तलावाच्या फाट्यावर लागेपर्यंत.