लाल कॅलिपर आणि खोबरेलाचं बोट

मित्रांनो, एक कान तुटलेला आणि अंगावर लाल रंगाचे पोपडे वागवणारा मी एक जुना ब्रेक कॅलिपर आहे. नाव ऐकलं नसेल तर तुमची चूक नाही. आम्ही मोटारीच्या पुढच्या चाकाआड राहतो. चाकाबरोबर फिरणारी पोलादी ताटली दोन पॅडच्या चिमटीत धरायची आणि गाडी थांबवायची, एवढंच आमचं काम. पळणाऱ्याचं कौतुक सगळे करतात, थांबवणाऱ्याकडे वाकून कोण बघतो? पण माझ्याकडे एक माणूस वाकून बघायचा.

त्याचं नाव पंढरीनाथ. भाईंदर पूर्वेला स्टीलच्या भांड्यांच्या कारखान्यात तो कामाला होता. नव्वदचं दशक अर्धं सरलं तेव्हा त्याने आमची जुनी पांढरी गाडी घेतली. तळमजल्याच्या खोलीसमोर ती उभी राहिली आणि गडी तिच्या नादी लागला. खाडीची खारी हवा लोखंडाला जिवंत ठेवत नाही, हे त्याला माहीत. म्हणून सुट्टी मिळाली की तो इंजिनाचं एखादं झाकण काढी, रॉकेलने धुई, तारेच्या ब्रशने गंज खरवडी आणि रंगवी. इंजिनाच्या माथ्यावरचं टॅपेटचं झाकण त्याने चांदीसारखं केलं, हवा गाळायची डबी काळी केली. बायको सुलू म्हणे, "घराला रंग द्यायला वेळ नाही, आणि हिला रोज नवी साडी." पण बोलता बोलता चहाही तीच आणून ठेवी. मला तेव्हा मोठी धन्यता वाटे.

खंडेनवमी आली आणि माझा नंबर लागला. उजव्या चाकाचा माझा भाऊ आदल्या सुट्टीतच लाल होऊन बसला होता. पंढरीनाथने गाडी जॅकवर घेतली, चाक उतरवलं, पॅड काढून वर्तमानपत्रावर पान्यांच्या शेजारी ठेवले आणि मला तारेने टांगून घासलं. रबरावर चिकटपट्टी लावली. मग लाल रंगाचा पहिला हात दिला. थिनर संपलं तसा तो उठला.

"सुलू, त्या लाल रंगाला हात लावू नको हां. ओला आहे अजून. मी थिनर घेऊन येतोय."

"नाही लावत. पूजा तरी करू का हत्यारांची?"

"कर की."

सुलू रत्नागिरीकडच्या सुताराची लेक. तिच्या माहेरी खंडेनवमीला पटाशी, रंधा, करवत, सगळं पुसून खोबरेलाचं बोट फिरवत आणि मग हळदकुंकू वाहत. तेलाने हत्याराला वर्षभर गंज धरत नाही, असं तिचे वडील सांगत. तिने पान्यांना तेल लावलं, जॅकला लावलं. वर्तमानपत्रावरचे पॅड तिला हत्यारंच वाटले. तिने तेही दोन्ही अंगांनी प्रेमाने चोळले, हळदकुंकू लावलं, झेंडू ठेवला. माझ्या ओल्या रंगाला मात्र तिने पदरसुद्धा लागू दिला नाही. मी वर टांगलेला, सगळं बघत होतो. लोखंडाला तोंड नसतं, याचं इतकं वाईट मला कधी वाटलं नव्हतं.

पंढरीनाथ परतला, दुसरा हात दिला, रंग वाळल्यावर पॅडवरचं हळदकुंकू फडक्याने पुसलं आणि पॅड बसवून टाकले. दसऱ्याला गाडी बाहेर काढायची घाई होती.

दुसऱ्या दिवशी हार घालून आम्ही समुद्रकाठच्या उत्तनला निघालो. फाटकापाशी ब्रेक दाबला तेव्हा गाडी जराशी उजवीकडे ओढली. पंढरीनाथला वाटलं, पॅड अजून बसायचे आहेत. वाटेतल्या मुर्धा गावाच्या वळणावर समोरून शिवा आला. हा मुर्ध्याचाच, सायकलवरून मासळी विकणारा. पंढरीनाथने जोरात पाय दाबला. उजवीकडच्या भावाने ताटली घट्ट धरली. मीही सगळा जीव लावून दाबली, पण तेलकट पॅड नुसते घसरत राहिले. गाडी गर्रकन उजवीकडे वळून शिवाच्या अंगावर गेली आणि पुढे दगडावर आदळली. माझा कान तुटला तो तेव्हा. शिवाचा पाय मोडला.

गॅरेजवाल्या हरिश्चंद्रने मला उतरवलं. पंढरीनाथ समोर उभा होता, सुलू त्याच्या मागे.

"पंढरीभाऊ, पॅडला तेल लागलंय," हरिश्चंद्र म्हणाला. "खोबरेल वाटतंय."

पंढरीनाथने पॅड नाकाशी नेला. तो परत खाली ठेवला. मग म्हणाला, "माझेच हात असतील."

सुलूला आपलं तेलाचं बोट आठवलं. ओठापर्यंत आलेलं तिने गिळून टाकलं.

मला त्यांनी घरी आणून पिशवीत बांधून ठेवलं. गाडीत दुसरा कॅलिपर बसला, पण पंढरीनाथ पुन्हा गाडी चालवायला बसलाच नाही. बिल्डिंगीतले म्हणत, "घरी रंगरंगोटीची हौस, मग असंच होणार." तो ऐकून घेई. दर रविवारी डबा घेऊन तो मुर्ध्याला शिवाकडे जाई. डबा सुलू भरे. आंबोळ्या, खीर, कोलंबीचं कालवण, जितकं आतून टोचे तितकं ती जास्त रांधी. तो येऊन सांगे, "शिवा म्हणत होता, वयनीच्या हाताला चव आहे." ती हात पदराला पुसत राही. खोबरेलाचा वास तिला नकोसा झाला. केस भुरे झाले, तरी बाटलीला ती शिवली नाही.

शिवाच्या पायाचं प्लॅस्टर निघालं, पण पाय वाकडाच राहिला. सायकल सुटली.

पुन्हा खंडेनवमी आली. पंढरीनाथने पाने मांडून ठेवले. "पूजा नाही करायची?"

सुलू खाली बसली ती रडतच. "अहो, ते तेल माझं होतं. त्या पॅडना मीच चोळलं."

"माहीत आहे मला. गॅरेजमध्येच वास आला होता."

"मग बोलला का नाहीत?"

"तू बोलशील म्हणून थांबलो." तो पान्यांकडे बघत होता. "न तपासता पॅड मीच बसवले सुलू. फाटकावर गाडी ओढली तरी तसाच पुढे गेलो. तेवढं माझंच आहे."

त्याच दिवशी ती मला पिशवीत घेऊन मुर्ध्याला गेली. शिवा आता बंधाऱ्याच्या चढावर हातगाडी लावून मासळी विकत होता. तिने मला त्याच्या पुढ्यात ठेवलं आणि काहीही न लपवता सगळं सांगितलं.

शिवाने माझ्या तुटलेल्या कानावरून बोट फिरवलं. "वयनी, आता सांगून पाय सरळ व्हनार हाय का? न्हाय. पन तो मानूस वरीसभर मान खाली घालून माझ्या दारात बसला. ते बघून मलाच लाज वाटायची. तुमी आधी बोलाला पायजे व्हतं."

"हो," सुलू म्हणाली.

हातगाडी उतारावर सरकू लागली तसा शिवा वाकडा पाय ओढत उठला. त्याने मला उचललं आणि चाकाखाली सारलं. गाडी थांबली. "ऱ्हाऊ द्या हा इथंच," तो म्हणाला.

तेव्हापासून मी इथेच आहे. मित्रांनो, तुम्ही मोठे होऊन गाड्या रंगवाल. खुशाल रंगवा, मला लाल रंग फार आवडला होता. पण ज्या जागेने गाडी थांबते ती कोरडी ठेवा, आणि हात लावण्याआधी विचारा. आणि चूक झालीच तर त्याच दिवशी तोंड उघडा. तुम्हाला तोंड आहे.

दर खंडेनवमीला सुलू येते. हातात हळदकुंकू आणि एक झेंडू असतो. चाकाशी वाकून ती आधी शिवाला विचारते, "लावू का?"

शिवा मान डोलावतो. मगच तिचं बोट माझ्या अंगाला लागतं. ते कोरडं असतं.