सात नंबरची खोली

"मावशी, जरा सरका. एसी बंद करायचाय," दवाखान्यातले एसी सांभाळणारा गहिनीनाथ म्हणाला आणि मग त्याचं लक्ष पलंगाकडे गेलं. काकासाहेबांच्या तोंडावर चादर होती.

मोबाईलवर 'सात नंबर रिकामी' असा मेसेज आला, म्हणून तो आला होता. कोपरगावजवळच्या त्या ट्रस्टच्या दवाखान्यात यंदाचा उन्हाळा लागल्यापासून नवा नियम होता. ऑपरेशन थिएटर रिकामं असलं की तिथली हवा मंद करायची; बाकी रिकाम्या खोल्यांत एसी बंदच. गहिनीनाथला हे पटलं होतं. मोठ्या डॉक्टरांची केबिनसुद्धा तो सोडत नसे. पेशंट वारला की सिस्टर कॉम्प्युटरवरून त्याचं नाव काढतात आणि देह आत असतानाच खोली रिकामी दिसते, हे मात्र कुणाच्या ध्यानात आलं नव्हतं.

"बंद नका करू, भाऊ," काकासाहेबांची बायको गोजरबाई म्हणाली. "लेक नागपूरवरनं निघालीय. सांजच्याला पोचंल. तवर ह्यांचं तोंड नीट ऱ्हायला पायजे."

"काल तर तुमीच मागं लागल्या हुत्या, एसी बंद करा म्हणून."

"तवा त्यांना गारठा सोसत नव्हता."

बाहेर मे महिना तापला होता. दवाखान्यात शवागार नव्हतं आणि सरकारी दवाखान्यात न्यायला गोजरबाई तयार नव्हती. "तिथं अनोळखी मान्सांत? न्हाई."

तेवढ्यात इंजिनिअर हेमचंद्र साहेबांचा फोन आला.

"सात नंबर अजून चालू दिसतंय. झोपलास काय रे?"

"खोलीत माणूस हाय, साहेब."

"स्क्रीनवर रिकामी आहे."

"स्क्रीनवर असंल. हितं काकासाहेब हायेत. लेक यायचीय त्यांची."

"उद्या सगळेच मागतील. नियम मोडला म्हणून तुझं नाव वर कळवावं लागेल मला."

"कळवा."

त्याने पश्चिमेच्या खिडकीचा पडदा ओढला आणि एसी आणखी गार केला.

दिवस मावळताना अश्विनी आली. चपला दारातच सोडून ती पलंगाशी गेली, चादर खाली केली आणि वडिलांच्या गालावर तळवा ठेवला. ठेवला तसा उचलला.

"आई, किती गार लागतायत गं दादा."

"खोलीच गार हाय, बाई," गोजरबाई म्हणाली आणि नवऱ्याचे उघडे पडलेले पाय तिने चादरीत घेतले.

गहिनीनाथने बाहेरून दार हळूच ओढून घेतलं.