वडगावच्या गिटारीचा सूड

मी एक जुनी हवाईयन गिटार आहे. मला एकच मान आहे आणि तिच्यावर सहा तारा आहेत. बेळगावात वडगावच्या विणकर गल्लीत, स्वरूपा नावाच्या बाईच्या घरी, खिडकीशेजारच्या खिळ्याला मी टांगलेली असते. मित्रांनो, जुन्या वस्तू आपली कहाणी सांगताना बहुधा सगळ्यांना क्षमा करून टाकतात. छत्री करते, चप्पल करते, शाळेतला फळासुद्धा करतो. माझ्याकडून ते होणार नाही, हे आधीच सांगते. माझा आवाज एकाने चोरला होता. त्याचा सूड कसा घेतला गेला, ते मी सांगणार आहे.

माझा जन्म उद्यमबागेतला, म्हणजे बेळगावच्या कारखान्यांच्या वस्तीतला. तिथल्या एका फाउंड्रीत तम्मण्णा नावाचे सुतार कामाला होते. लोखंड ओतायच्या आधी त्या वस्तूचा लाकडी नमुना करावा लागतो, तो ते करत. पंपाच्या नमुन्यातून उरलेली सागाची एक फळी त्यांनी घरी आणली आणि आपल्या भाचीसाठी मला घडवलं. ती भाची म्हणजे स्वरूपा. शाळेत असताना तिने एका लग्नात मांडीवर आडवी ठेवून वाजवायची गिटार पाहिली होती आणि तेव्हापासून घरात दुसरा विषय नव्हता. उजव्या हाताच्या बोटांत नख्या घालून तारा छेडायच्या आणि डाव्या हातातली स्टीलची कांडी तारांवरून सरकवायची, असं माझं वाजवणं. कांडी हा शब्द तिचा. विणकराच्या घरात सूत भरलेल्या कांड्याच सगळीकडे पडलेल्या असत, म्हणून हीही कांडीच.

स्वरूपाचे वडील भरमाआप्पा दोन माग चालवत. मागांच्या खडखडाटात शेजारी बसलेल्या माणसाचं बोलणं ऐकू येत नसे. "ह्यात तुझी गिटार कोण ऐकणार गं?" असं ते म्हणायचे. पण वीज गेली की आख्ख्या गल्लीतले माग एकदम थांबत. त्या शांततेत स्वरूपा मला मांडीवर घेई. ती एक धून वाजवायची, तिची तिनेच रचलेली. साधी होती, पण एका सुरावरून दुसऱ्यावर जाताना मध्ये अशी काही हळूच घसरायची, की बायका हातातली कामं सोडून उंबऱ्यावर येऊन बसत. गल्लीने तिचं नाव ठेवलं 'करंटची धून'. वीज गेल्यावर लोक वैतागतात, आमच्या गल्लीत मात्र हाक यायची, "गेला करंट! स्वरूपा, वाजिव गं!"

पुढे दिग्विजय आला. निपाणीचा मुलगा, कीबोर्ड वाजवायचा. त्याचा स्वतःचा ऑर्केस्ट्रा होता आणि त्याला काहीतरी वेगळं हवं होतं. त्याने स्वरूपाला ऐकलं आणि तिचे पायच धरले. "आक्का, तू आलीस तर माझ्या पार्टीचं सोनं हुईल." स्वरूपा गेली, मीही गेले; स्टेजसाठी माझ्यात पिकअप बसला, तारांचा आवाज स्पीकरपर्यंत नेणारा. निपाणी, चिकोडी, संकेश्वर, खानापूर. लग्नं, बारशी, गणपती. एका गावात मराठी गाणी, पुढच्या गावात कन्नड, आणि मी दोन्हीकडे तेवढ्याच मनाने वाजायची. कार्यक्रम संपल्यावर पोरी मला हात लावून बघत. दिग्विजय आमच्या घरचाच झाला होता. स्वरूपाची आई इंदुताई त्याला आपल्या ताटाशेजारी बसवून भाकरी वाढायच्या. ते दिवस चांगले होते. तेही सांगायला हवं, नाहीतर माझा राग तुम्हाला कळायचा नाही.

एका दुपारी तो लॅपटॉप आणि एक वायर घेऊन आला. वायर माझ्यात खोचली आणि म्हणाला, "आक्का, येक येक सूर लांबवून वाजिव की. आठवण म्हणून ठिवतो."

स्वरूपाने वाजवलं. खालपासून वरपर्यंत, प्रत्येक सूर वेगळा, जसा त्याने मागितला तसा. मीही अंग चोरलं नाही. आठवण म्हणून कुणी आपला आवाज मागावा, याहून मोठं कौतुक कुठलं?

त्यानंतर त्याचा फोन येईना. लग्नाचा सीझन सुरू झाला तरी येईना. मग शेजारची ऋतिका एकदा मोबाइल घेऊन धावत आली. कॉलेजात जाणारी, लई बडबडी पोरगी, पण त्या दिवशी तिने आल्या आल्या व्हिडिओच लावला. चिकोडीतल्या एका लग्नाचं स्टेज होतं. दिग्विजय एकटाच कीबोर्डवर बसला होता, आणि त्या कीबोर्डातून मी वाजत होते; आठवण म्हणून नेलेले माझे सूर त्याने बटणांत भरले होते. मित्रांनो, मी खिळ्याला होते, माझ्या तारा स्तब्ध होत्या, आणि माझा आवाज त्या मोबाइलमधून येत होता. मग तो माइकवर म्हणाला, "स्वरूपाक्काला घरी बसीवलंय आमी. पर तिचा हात हितं हाय, माझ्या बटनात!" त्याने एक बटण दाबलं. मी वाजले. लोक हसले.

स्वरूपाने तिथल्या तिथे त्याला फोन लावला. स्पीकर चालू होता.

"दिग्विजय, माझा सूर वापरायच्या आदी मला इचारायचं न्हाय?"

"अगं आक्का, सूर काय कुणाच्या बापाचं असत्यात व्हय?"

आत माग चालवत असलेल्या भरमाआप्पांना ते ऐकू गेलं नाही, हे बरं झालं. स्वरूपाने फोन ठेवला. ती रडेल असं मला वाटलं होतं. ती रडली नाही. तिने बोटांतल्या नख्या काढल्या आणि डबीत टाकल्या. डबीचं झाकण मात्र इतक्या जोराने लावलं, की इंदुताई स्वयंपाकघरातून बाहेर आल्या.

त्या दिवसापासून मी शाप देऊ लागले. दुसरं मला येतंय काय? त्याचा कीबोर्ड भर कार्यक्रमात भिजो. त्याची बोटं आखडोत. त्याला झोपेत माझाच आवाज ऐकू येवो आणि बंद करायचं बटण न सापडो. मला वाटायचं, स्वरूपा मला उचलेल, आम्ही दोघी मिळून त्याला धडा शिकवू. तसं घडलं नाही. ती मला पिशवीत घालून तम्मण्णामामांकडे गेली. ते आता रिटायर झाले होते, घरामागच्या शेडमध्ये स्टुलं-चौरंग करायचे.

"मामा, मला दोन मानांची पायजे."

"दोन कशापायी?"

"येकीवर तारा येका तऱ्हेनं लावायच्या, दुसरीवर दुसऱ्या तऱ्हेनं. म्हंजे मधीच न थांबता हिच्यावरनं तिच्यावर जाता येतंय. त्याच्याकडं माझं सुटं सूर हाईत मामा. येका सुरावरनं दुसऱ्यावर कसं जायचं, ते त्याला चोरता आलं न्हाय."

मामांनी मला एका मोठ्या फळीवर उताणं ठेवलं आणि माझ्या अंगाभोवती पेन्सिल फिरवली. मग मला उचलून शेजारी ठेवलं आणि परत फिरवली. मला केवढा अभिमान वाटला होता! माझंच रूप दोनदा काढलं जात होतं. आपल्याला यापुढे घरी ठेवायचं ठरलंय, हे मला तेव्हा कळलं नाही.

ती नवी गिटार घरी आली तेव्हा इंदुताईंनी तिला हळदकुंकू लावलं. दोन माना, बारा तारा, चार पाय. मला मांडी लागायची, ती आपल्या पायांवर उभी राहायची. तिच्या आतले पिकअप ऋतिकाने मोबाइलवरून मागवले होते. स्वरूपाने कांडी सरकवली आणि पहिल्या मानेवरून सुरू झालेला सूर दुसऱ्या मानेवर जाऊन विसावला. घर भरून गेलं. मीसुद्धा ऐकत राहिले. आणि मग मला त्या नवीचाही राग आला. दिग्विजयने माझा आवाज नेला होता, हिने माझी जागा नेली. माझी प्रवासाची पेटी हिच्या सामानासाठी गेली आणि मी पुन्हा खिडकीपाशी खिळ्याला. आषाढातला पाऊस खिडकीतून आत यायचा. माझा पिकअप गंजून बंद पडला आणि सागाला उभी चीर गेली. मामांनी एकदा मला हातात घेतलं, चिरेवरून अंगठा फिरवला आणि "ही आता वाजायची न्हाय," म्हणत परत टांगून ठेवलं.

स्वरूपा मात्र रोज त्या नवीवर बसायची. तिचा चेहरा गोड नसायचा. ती ऋतिकाच्या मोबाइलवर दिग्विजयचा व्हिडिओ लावायची, तो वाजवील ते ऐकायची आणि लगेच त्याच्या पुढे जायची. परत व्हिडिओ, परत पुढे. नवीवर माझा राग होता, तरी त्या वेळी मी मनात म्हणायची, ठोक, अजून ठोक.

मग मंगाई देवीची जत्रा जवळ आली. वडगावात घरोघरी पैपाहुणे, प्रत्येक चुलीवर मटण. गल्लीतल्या बायकांनी दुपारचा गाण्यांचा कार्यक्रम ठरवला. त्यांच्या पुढारी मनुबाई आमच्याकडे आल्या.

"कुणाला बोलवूया गं?" त्यांनी विचारलं.

"दिग्विजयला," स्वरूपा म्हणाली.

"ज्यानं तुला घरी बसीवलं त्याला?"

"व्हय. आता त्याला माझ्या घरासमोर बसवूया. सांगा त्याला, आक्का समदं इसरलीया म्हणून."

मनुबाई हसल्या. ते हसू काही जत्रेतलं नव्हतं.

दिग्विजय आला. नवा शर्ट, डोळ्यांना गॉगल. आमच्या दारासमोरच मांडव होता. त्याने इंदुताईंना वाकून नमस्कार केला आणि स्वरूपाला म्हणाला, "आक्का, बरी हाईस न्हवं?" ती म्हणाली, "लई बरी." चार-पाच गाणी झाली, टाळ्या झाल्या. मी खिडकीतून सगळं बघत होते. मग मनुबाई पुढच्या खुर्चीवरून उठल्या.

"आमच्या गल्लीची फर्माईश हाय. करंटची धून वाजिव."

त्याला ती धून ठाऊक होती. शेकडो वेळा तो तिच्या साथीला बसला होता. त्याने बटण दाबून माझा आवाज लावला आणि सुरू केली. सूर सगळे बरोबर होते. पण ती धून आमच्या गल्लीने उंबऱ्यावर बसून ऐकलेली. बायका एकमेकींकडे बघू लागल्या. सूर येत होते, पण एकमेकांचा हात सोडून येत होते.

तेवढ्यात आमच्या कट्ट्यावरून तीच धून उठली. स्वरूपाने सकाळीच तिथे स्पीकर लावून ठेवला होता. तिने त्याची ओळ उचलली आणि जिथे तो तुटत होता तिथे ती घसरत, वळत, पहिल्या मानेवरून दुसऱ्या मानेवर गेली. दिग्विजयने आवाज वाढवला. तिने वाढवला नाही. त्याने पट्टी बदलली, ती दुसऱ्या मानेवर आधीच पोचलेली होती. तो अडखळला, ती थांबली, त्याला पुढे यायला जागा दिली, आणि तो आल्यावर पुन्हा मागे टाकलं. मित्रांनो, मांजर उंदराला सोडतं आणि परत धरतं, तसं चाललं होतं. मला तो प्रत्येक सूर गोड लागला.

पहिली खुर्ची मनुबाईंनी फिरवली. स्टेजकडे पाठ आणि आमच्या घराकडे तोंड. मग शेजारची फिरली, मग ओळच्या ओळ. प्लास्टिकच्या खुर्च्या फरशीवर घासल्याचा आवाज झाला आणि थांबला. दिग्विजयच्या समोर आता फक्त पाठमोरी डोकी होती. त्याने गॉगल काढला. हात बटणांवर तसेच होते, पण वाजत काही नव्हतं.

"ते पेटीतलं पत्र्यावानी वाजत हुतं बघ," एक म्हातारी खिडकीखाली म्हणाली.

ते ऐकून माझ्या चिरेतून काहीतरी आत गेलं. कारण ती ज्याला पत्रा म्हणत होती तो आवाज माझा होता. माझा सूड घेतला जात होता, आणि हरत होते तीही मीच.

जत्रेचा पाहुणा उपाशी जाऊ नये म्हणून इंदुताईंनी दिग्विजयला आत बोलावलं. तो कीबोर्ड बगलेत आणि लॅपटॉपची बॅग खांद्यावर घेऊन आला; पाठ फिरवलेल्या बायकांपुढे ते स्टेजवर ठेवायला त्याला लाज वाटली असावी. स्वरूपाने स्वतः ताट वाढलं. त्याने अन्नाला हात लावला नाही.

"आक्का, चुकलं माझं. परत ये. पयल्यासारखं तुझं नाव पुकारतो."

"पयलं ते पुस."

"काय?"

"ह्यातला माझा आवाज. हितं बसून. माझ्या डोळ्यांदेखत."

"आक्का, आठवण म्हणून तरी..."

"आठवण माझी हाय. पुस, मग जेव."

त्याने कीबोर्ड मांडीवर घेतला. पुसायच्या आधी, तोच आवाज आहे ना हे बघायला, त्याने एक सूर दाबला. मी चमकले. चीर जायच्या आधीची, गंज लागायच्या आधीची, तरणी मी त्या खोलीत वाजले. इंदुताईंच्या हातातली पळी थांबली. स्वरूपानेही क्षणभर डोळे मिटले. मग ती म्हणाली, "लॅपटॉपातलं पण."

त्याने दोन्हीकडचं पुसलं. तेच बटण परत दाबलं तेव्हा नुसतं टक् झालं. मग तो मान खाली घालून जेवला.

आता स्वरूपाची स्वतःची पार्टी आहे. तिची दोन मानांची गिटार निपाणीपासून खानापुरापर्यंत ऐकायला माणसं येतात. दिग्विजय रस्त्यात भेटला की वाकून नमस्कार करतो, तीही हसून "बरा हाईस न्हवं?" म्हणते. तिने त्याला माफ केलं. मी नाही केलं. तो गल्लीतून गेला की मी अजून माझे जुने शाप एकेक करून म्हणते.

पण मित्रांनो, एक गोष्ट त्या रागाच्याही खाली आहे. माझा आवाज जगात एकाच ठिकाणी उरला होता, चोराच्या पेटीत, आणि तो माझ्यासमोर पुसला गेला. त्या खोलीत तीन माणसं होती. कुणीही वर खिळ्याकडे पाहिलं नाही.

तुमच्या घरी एखादं जुनं वाद्य असेल तर त्याला पावसाची ओल लागू देऊ नका. तारा सैल करून ठेवा, अधूनमधून कोरड्या फडक्याने पुसा. आणि त्याचा आवाज कुणाला द्यायचा असेल, किंवा कायमचा मिटवायचा असेल, तर आधी त्याच्यापुढे उभं राहून विचारा. ते उत्तर देणार नाही. तरी विचारा. मला विचारलं असतं तर मीही स्वरूपासारखंच म्हटलं असतं, पुस, एकही सूर त्याच्याकडं ठेवू नकोस. पण विचारायला हवं होतं.