यादीतले पाच दिवस

गेली सतरा वर्षं इन्शिराहची सकाळ एकाच कामाने उजाडायची. गॅसवर फूलचं, म्हणजे बाकल्याच्या उसळीचं, पातेलं चढवायचं, आणि त्यातले दाणे मऊ होईपर्यंत संगणक उघडून यादी उतरवून घ्यायची. इंटरनेटवरच्या प्रत्येक यंत्राला आकड्यांचा एक पत्ता लागतो. असे पत्ते गठ्ठ्याने वाटले जातात आणि कुठला गठ्ठा कुठल्या संस्थेला कोणत्या तारखेला दिला, याची यादी नोंदणीवाले रोज जाहीर करतात. एरवी ती यादी कुणी कुत्रंसुद्धा वाचत नाही. इन्शिराह वाचायची. कालची आणि आजची यादी शेजारी लावून कुठली ओळ हलली ते बघायची, फाईलवर तारीख घालायची, आणि मगच पावाचा तुकडा मोडायची.

ही सवय तिला लावली वदीअ बिशारांनी. अलेक्झांड्रियातल्या सागरसंशोधन संस्थेत ते संगणक विभागाचे प्रमुख होते आणि ती त्यांच्या हाताखालची इंजिनियर. सगळे त्यांना उस्ताज म्हणत. ब्याण्णव साली, म्हणजे इंटरनेट म्हणजे काय हे संचालकांनाही समजावून सांगावं लागायचं तेव्हा, या माणसाने पत्रं लिहून लिहून संस्थेसाठी पासष्ट हजार पत्त्यांचा एक गठ्ठा मिळवला होता. फुकट. पुढे जगातले नवे पत्ते संपले आणि त्या जुन्या गठ्ठ्याला सोन्याचा भाव आला. संस्थेत मात्र ते कुणाच्या गावीही नव्हतं. उस्ताज तेवढे म्हणायचे, "इन्शिराह, आपली ओळ रोज बघत जा. लोक जमिनी चोरतात, हे तर नुसते आकडे आहेत."

आणि ओळ हललीच. तेरा सालच्या सप्टेंबरात एका सकाळी संस्थेच्या नावाजागी कुठल्याशा दुबईच्या कंपनीचं नाव आलं. इन्शिराह तशीच संस्थेत धावली आणि चोरी झाली, चोरी झाली म्हणून तिने वरपर्यंत आरडाओरडा केला. चौकशी समिती बसली. नोंदणीवाल्यांनी कळवलं की गठ्ठा तुमच्याच विभागप्रमुखांनी सही करून दिलेला आहे, कागद आम्हाला दाखवता येत नाहीत. समितीला तेवढं पुरलं. संस्था तेव्हा दुसऱ्या संस्थेत विलीन व्हायची होती, घाई होती, आणि निवृत्त होऊन बसलेला एक म्हातारा हाताशी होता. उस्ताजांचं पेन्शन अडकलं, वर्तमानपत्रात नाव आलं. दहा महिन्यांत ते गेले. चर्चमध्ये शेवटच्या प्रार्थनेला त्यांची बायको मदाम मार्सेल, इन्शिराह आणि दोन शेजारी एवढीच माणसं. ज्यांना त्यांनी नोकरीला लावलं त्यातला एकही भडवा फिरकला नाही.

आरडाओरडा तिने केला होता. गप्प बसली असती तर समिती बसली नसती. हे तिला कुणी बोलून दाखवलं नाही आणि तिला विसरताही आलं नाही. ती कंपनी कुणाची हे मात्र तिने महिन्याभरात शोधून काढलं होतं. हाझिम शन्हूरीची. हाझिम उस्ताजांचाच चेला. त्यांनीच त्याला हाताला धरून शिकवलेलं, आणि दहा सालच्या डिसेंबरात तो दुबईला नोकरीला निघाला तेव्हा शिफारसपत्रही त्यांनीच लिहून दिलेलं. त्याने केसाने गळा कापला होता आणि हिच्या हातात पुरावा म्हणून शष्प नव्हतं. म्हणून ती यादी वाचत राहिली. कधी ना कधी तो गठ्ठा विकायला काढेल, आणि काढला की कागद बाहेर येतील, एवढ्या एका आशेवर.

त्याने तो काढलाच, आणि वर स्वतः तिच्या दारात आला.

बावीस सालच्या मार्चमधली दुपार होती. हाझिम अंगाने सुटला होता, केस काळे केले होते, हातात बसबूसा मिठाईचा खोका होता. "बाशमुहन्दिसा इन्शिराह" असं जुन्या सवयीने इंजिनियरबाई म्हणत तो सोफ्यावर बसला आणि तिच्या गुडघ्यांची, रक्तदाबाची चौकशी करू लागला. तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली होती, पण तिने चहा टाकला. साखर किती, तेही विचारलं.

चहा संपल्यावर गाडी मुद्द्यावर आली. गठ्ठ्याला मोठं गिऱ्हाईक मिळालं होतं. पण हल्ली गिऱ्हाइकं फार चिकित्सा करतात, मूळ मालकाकडून गठ्ठा रीतसर आला याला जुन्या संस्थेतला साक्षीदार मागतात. आणि नोंदणीवाल्यांच्या दप्तरात संस्थेची संपर्क व्यक्ती म्हणून अजून इन्शिराहचंच नाव होतं. ते बदलायचं कुणाच्या डोक्यातच आलं नव्हतं. तेव्हा तिने एका कागदावर सही करायची, की उस्ताजांचं पत्र खरं आहे. तिचीही सोय बघितली जाईल. लिफ्ट असलेलं घर का घेत नाही तुम्ही, असंही तो मध्येच म्हणाला.

"पत्र बघू तरी," इन्शिराह म्हणाली.

नऊ वर्षं ज्या कागदासाठी ती झुरली, तो त्याने खोक्याशेजारी असा ठेवला, जसं काही दुकानाचं बिल. उस्ताजांची सही बेमालूम उतरवली होती. सोबत ईमेलची छापील प्रत. संस्थेच्या संगणकावरून कंपनीला पत्र पाठवलं, वेळ सकाळी अकरा वीस, तारीख तीस जानेवारी दोन हजार अकरा.

ती तारीख तिने दोनदा वाचली, मग कप उचलायच्या निमित्ताने मान खाली घातली. तोंडावर काही दिसू नये म्हणून.

तिच्या सतरा वर्षांच्या फायलींत एकच भोक होतं. अकरा सालच्या अठ्ठावीस जानेवारीपासून एक फेब्रुवारीपर्यंत, पाच दिवस. तेव्हा रस्त्यावर सगळा देश उतरला होता आणि सरकारने मिसरचं, म्हणजे अख्ख्या इजिप्तचं, इंटरनेट तोडून टाकलं होतं. संस्थेतून एक अक्षर बाहेर जात नव्हतं. लुटालूट होईल म्हणून उस्ताज स्वयंपाकघरातलं लाटणं घेऊन यंत्रांच्या खोलीच्या दारात खुर्ची टाकून बसले होते, आणि ती त्यांना घरून डबा नेऊन देत होती. इंटरनेट परत आल्यावर ती म्हणाली होती, राहिलेल्या पाच याद्या आता उतरवून घेते. उस्ताजांनी हात धरला. त्या दिवशी आपण जे बघितलं नाही ते आज भरायचं नाही, म्हणाले. भोक असू दे.

आणि या शहाण्याने बरोबर त्या भोकात पाय घातला होता. का, तेही तिला लख्ख दिसलं. उस्ताज एकतीस जानेवारीला साठ पूर्ण होऊन कागदोपत्री निवृत्त झाले, त्यानंतरची त्यांची सही कामाची नव्हती. म्हणून मागाहून बनवलेल्या पत्रावर एक दिवस अलीकडची तारीख. शुक्रवार-शनिवारची सुट्टी येत नाही ना, हेही त्याने कॅलेंडर काढून बघितलं असणार. पण ते दिवस त्याने दुबईत टीव्हीवर बघितले होते. जो इथे होता त्याला ते एकेक करून पाठ होते. जो नव्हता त्याच्यासाठी ते सगळे मिळून नुसता एक जानेवारी महिना होता.

आता घाई केली तर सगळं मुसळ केरात. टंकलेखनाची चूक झाली म्हणेल, नाहीतर वदीअने मलाच फसवलं म्हणेल आणि मेलेल्या माणसाच्या डोक्यावर आणखी एक खापर फोडेल. त्याला त्याच्याच तोंडाने त्या दिवसाला खिळा मारून ठोकायला हवं होतं.

इन्शिराहने बसबूसाचा तुकडा तोंडात टाकला. "सही करते," ती म्हणाली. "पण माझ्या एकटीच्या सहीने काय होणार? मी पत्र जाताना बघितलेलं नाही. उद्या कुणी विचारलं, पाठवताना समोर कोण होतं, तर?"

हाझिमने खिशातून पेन काढलं. मग म्हणाला, "मी होतो असं लिहू?"

"तू तेव्हा दुबईत होतास ना?"

"सुट्टीवर आलो होतो म्हणायचं. अकरा वर्षांपूर्वीचा पासपोर्ट कोण बघतंय, बाई?"

"मग तसं लिही. खोलीत उभा होतो, उस्ताजांनी माझ्या डोळ्यांदेखत पाठवलं. तू लिहिलंस की खाली मी लिहिते, हाझिम शन्हूरी संस्थेत पूर्वी कामाला होते आणि मी त्यांना ओळखते." तिने बसबूसाचा आणखी एक तुकडा उचलला. "ते तर खरंच आहे."

दुसऱ्या दिवशी दोघं सरकारी नोंदणी कचेरीत गेले. तिथे गरुडाचा शिक्का बसल्याशिवाय मिसरमध्ये कागदाला कागद म्हणत नाहीत. दीड तास रांगेत काढला. हाझिम रुमालाने मान पुसत होता, आणि या गाढवाला आत्ता काही आठवू नये म्हणून इन्शिराह त्याच्याशी दुबईच्या हवेच्या गप्पा मारत होती.

खिडकीमागची बाई चष्मा नाकावर ओढून कागद मोठ्याने वाचू लागली. तारखेपाशी आली आणि थांबली. "तीस जानेवारी? अकरा सालचा? तो रविवार?" तिने चष्म्यावरून दोघांकडे बघितलं. "आम्ही तर दाराला कपाट लावून घरात बसलो होतो. तुम्ही कामावर होतात?"

इन्शिराह पिशवीत ओळखपत्र शोधू लागली. हाझिमच्या ओठांवर मात्र मोठेपणाचं हसू आलं. "देशाच्या कामाला सुट्टी नसते, मदाम," तो म्हणाला.

बाईने खांदे उडवले आणि शिक्का मारला. खाली हाझिमने सही केली, अंगठा उमटवला, ओळखपत्राचा क्रमांक घातला. इन्शिराहने प्रत मागून घेतली. बाहेर आल्यावर तो तिला गाडीने सोडतो म्हणाला, तर ती म्हणाली, नको, मी ट्रामने जाईन. ट्राममध्ये तिला इतकं हसू येत होतं की समोरची पोरगी जागा बदलून बसली.

घरी येऊन तिने एकच ईमेल लिहिलं, नोंदणीवाल्यांना आणि त्या गिऱ्हाइकाला. हा माणूस शपथेवर सांगतो की अमुक दिवशी अकरा वीसला हे पत्र त्याच्या डोळ्यांदेखत मिसरमधून ईमेलने गेलं. त्या दिवशी मिसरमध्ये इंटरनेट होतं का, एवढं बघा. माझ्या याद्यांत तरी ते पाच दिवस नाहीत. सोबत फायलींच्या तारखांचा तक्ता जोडला.

पुढचं नोंदणीवाल्यांनी केलं. त्यांनी हाझिमचा तो एक गठ्ठा गोठवला आणि मग त्याच्या कंपनीचे बाकीचे गठ्ठेही उकरून काढले. आणखी तीन मेलेल्या संस्थांची पत्रं तशीच निघाली. गिऱ्हाइकाने खटला भरला. जुलैमध्ये यादीतून हाझिमच्या कंपनीच्या सगळ्या ओळी एकाच सकाळी गेल्या. शपथेवर खोटं लिहिल्याबद्दल त्याला इथल्या सरकारी वकिलांचं बोलावणं आलं ते वेगळंच. नोंदणीवाल्यांनी लेखी कळवलं की वदीअ बिशारांची सही बनावट होती. त्या पत्राच्या सात प्रती इन्शिराहने काढल्या. चौकशी समितीतले जे जिवंत होते त्यांच्या घरी ती स्वतः गेली आणि प्रत्येकाला, बायका-नातवंडांसमोर, ते पत्र मोठ्याने वाचायला लावलं. एक जण रडला. तिला काही वाटलं नाही. शेवटची प्रत मदाम मार्सेलला दिली. म्हातारीने ती वाचली, घडी केली आणि नवऱ्याच्या बायबलमध्ये ठेवून दिली.

ऑगस्टमध्ये हाझिम पुन्हा आला. चार जिने चढून धापा टाकत होता आणि केसांचा काळा रंग कानशिलांवरून उतरला होता. हात रिकामे होते. तिने दार अर्धंच उघडलं.

तिने तारखेबाबत आपला घोटाळा झाला असं लिहून द्यावं, म्हणजे निदान तुरुंग टळेल, असं त्याचं म्हणणं होतं. घर विकलंय, बायको माहेरी गेलीय, हेही त्याने सांगून टाकलं.

"तुम्हाला काय हवंय ते सांगा," तो म्हणाला. "काहीही सांगा."

"काही नको."

त्याला ते कळेना. आयुष्यभर त्याने प्रत्येक गोष्टीला भाव लावला होता, आणि हिला द्यायला काही सापडत नव्हतं. "अहो, संस्था राहिली नाही," तो काकुळतीला येऊन म्हणाला, "गठ्ठा आता कुणा अनोळख्याला जाईल. तुम्हाला तरी काय मिळालं?"

"काहीच नाही. तुला मिळू नये एवढंच होतं."

तो भिंतीला टेकला. मग हळूच, जणू शेवटचा पत्ता टाकावा तसं, म्हणाला, "उस्ताज असते तर त्यांनी मला माफ केलं असतं. तुम्हालाही माहीत आहे."

"केलं असतं," इन्शिराह म्हणाली. "खांद्यावर हात ठेवून चहाही पाजला असता. पण तुला माफ करणारा एकच माणूस होता, हाझिम, आणि तू त्यालाच मारलंस. आता मी उरलेय."

तिने दार लावलं. त्याच्या बुटांचा आवाज चौथ्या मजल्यावरून तळापर्यंत पोहोचेतो ती दाराला कान लावून उभी होती, आणि तो आवाज तिला फार गोड लागला.