शेषरावांच्या हाताचा गुण

सांभरच्या मिठागरातून आणलेले आर्किया नावाचे सूक्ष्मजीव जयपुरात आमच्या विभागात सुखाने नांदत होते. त्यांना मीठ भरपूर लागतं, ऊन चालतं आणि बढती नको असते.

त्यांच्या पेशीत एक प्रथिन असतं. लोह मिळालं की ते ठरावीक जनुकांवर ठाण मांडून बसतं आणि बाहेरून लोह ओढून आणायचं काम बंद पाडतं. लोह संपलं की उठतं, काम सुरू होतं. साहेब खोलीत असले-नसले की आमचा विभागही असाच चालतो, त्यामुळे हे समजायला कुणाला जड गेलं नाही.

उत्कर्षाला पीएचडीसाठी एवढंच दाखवायचं होतं, की लोह काढून घ्या, जनुकं सुरू होतात. २००७ साल. शेवटची मुदतवाढ दोन महिन्यांत संपत होती आणि जनुकं तीनदा बंदच राहिली होती.

"तुझ्या हाताला गुण नाही," तिचे मार्गदर्शक डॉ. शेषराव म्हणाले. "म्हणून तर बिनलोहाचं द्रावण मी बनवतो."

खरंच तेच बनवायचे. शेषराव परभणीकडचे. सांडलेलं मीठ वर गेल्यावर पापण्यांनी वेचावं लागतं, हा लहानपणीचा धाक डॉक्टरेटनंतरही शाबूत होता. मापलेलं मीठ ते मुठीने पाण्यात सोडायचे आणि कण वाया जाऊ नये म्हणून पंजा त्याच पाण्यात खळखळून धुवायचे. मधल्या बोटात घोड्याच्या नालेची अंगठी. साडेसातीत प्राध्यापकपद अडलं, तेव्हा चारदीवारीतून, म्हणजे जुन्या जयपुरातून, करून आणलेली.

चौथ्या खेपेला उत्कर्षाने उरलेल्या द्रावणात लोह ओळखणारं रसायन टाकलं. रंग यायला नको होता. द्रावण छान गुलाबी झालं.

"सर, मतलब, अंगठीचं लोखंड पाण्यात उतरतंय."

"काढू म्हणतेस? पुढच्या महिन्यात माझी मुलाखत आहे. शनी काय तुझा मामा लागतो?"

"हातमोजे तरी घाला."

"मोज्यातून गुण उतरत असतो होय गं?"

"मग मी बनवते, सर."

"आणि मी काय करू?"

प्रश्न प्रामाणिक होता. उत्कर्षाचे वडील रेल्वेत. वरिष्ठांना दुखावल्याशिवाय गाडी वेळेवर कशी सोडायची, हे तिने जेवताना ऐकलेलं.

"एक फ्लास्क तुमचा, एक माझा. तुलनेला दोन लागतातच."

तिच्या फ्लास्कमध्ये जनुकं सुरू झाली, सरांच्यात बंद राहिली. दोन्हींतलं लोह मोजून तिने आकडे प्रबंधात मांडले. खाली लिहिलं: लोहयुक्त माध्यम मार्गदर्शकांनी स्वहस्ते तयार केले, लोहाचा स्रोत, अंगठी.

शेषरावांनी 'स्वहस्ते'पर्यंत वाचलं आणि सही केली.

"बघ, माझ्या हाताशिवाय झालं असतं का?"

"नाही सर," उत्कर्षा म्हणाली. चार वर्षांत पहिल्यांदाच तिला त्यांचं म्हणणं मनापासून पटलं होतं.