बोगद्यातला नामोमी

हात्सुयो वहिनीला त्या गाडीत न्यायचं माझ्या मुळीच मनात नव्हतं. हिवाळ्यात आमच्या किनाऱ्याच्या रेल्वेचा एक डबा सजवतात. बुटकी टेबलं, खाली शेगडी, वर गोधडी, आत पाय घालून बसायचं. बोगदा आला की गवताचा अंगरखा घातलेला नामोमी राक्षस ओरडत शिरतो. पर्यटकांसाठी काढलेलं सोंग. माझा भाऊ तोकुजी असता तर त्यानं नावं ठेवली असती.

कारण आमच्या गावचा नामोमी तोच होता. जानेवारीच्या मध्यावर येणाऱ्या धाकट्या नववर्षाला घरोघर हिंडून दारं बडवायचा, ‘रडणारं पोर कुठंय?’ घरच्यांनी म्हणायचं, आमच्याकडे कुणी रडत नाही, या, साकेचा पेला घ्या. शेवटचं घर स्वतःचं. तिथंही वहिनी तेच उत्तर द्यायची, आणि तो मुखवट्यासकट गोधडीत पाय घालून बसायचा.

त्सुनामीच्या लाटेनं त्याला नेलं, घर नेलं, मुखवटाही नेला. गाव डोंगरावरच्या नव्या इमारतींत विखुरलं. तिथं नामोमी कुणाच्या दारी येणार? खाली किनाऱ्यावर एवढी उंच भिंत बांधलीय की समुद्र आता गाडीतूनच दिसतो. वहिनी तेव्हापासून एकदाही रडली नाही. मला त्याचा रागच यायचा.

“मला तो प्रश्न ऐकायचाय,” ती यंदा म्हणाली. “एकदाच.”

“कुठला तरी मासेवाला गवत पांघरून ओरडणार, आणि तू खुळ्यासारखी ऐकत बसणार.”

“मग नको येऊस. घरी बसून माझ्या नावानं बोटं मोड.”

गेले. नणंद आहे, वैरीण नाही.

मियाको स्टेशन सुटलं, बोगदा आला. राक्षस शिरला. आवाज चिरका, तोकुजीच्या पासंगालाही पुरणार नाही असा. शहरी मंडळी हसत फोन काढत होती.

“रडणारं पोर कुठंय?”

“कुणी नाही,” सगळे शिकवल्यासारखे म्हणाले.

“आहे,” वहिनी म्हणाली. “मी आहे.”

तिच्या गालांवरून पाणी वाहत होतं. राक्षस गडबडला, पण त्यानं रीत सोडली नाही. “रडणं थांबव, नाहीतर घेऊन जाईन.”

“ने ना. केव्हाची वाट बघतेय.”

यापुढचं वाक्य रीतीतच नाही. तो हळूच वहिनीच्या बाजूला टेकला आणि त्यानं मुखवट्यासकट गोधडीत पाय घातले. गाडी बोगद्याबाहेर आली. उजवीकडे समुद्र होता.

“तुमच्या गावचा कुणी होता का, आजी?” त्यानं मुखवट्याआडून विचारलं.

“माझ्या घरचा. सगळी घरं उरकून शेवटी यायचा.”

तो उठला. “मग चुकलंच माझं. बाकीची घरं राहिलीत अजून. शेवटी येतो.”

मला भाऊ इतका आठवला की खिडकीकडे तोंड फिरवावं लागलं. वळून पाहिलं तर वहिनीनं त्याच्या बाजूची गोधडी उचलून धरली होती. तो पलीकडच्या टेबलांवर ओरडत होता, आणि ती तशीच धरून बसली होती.